परत फिरायची जागा

नारिंगी जाकीट घातलेला रस्ते विभागाचा माणूस खिडकीशी आला. त्यानं पिकअपचं पुढचं चाक बघितलं, मागचं चाक बघितलं, आणि मग बर्फाचा चिखल तुडवत थेट ट्रेलरच्या शेपटापर्यंत चालत गेला. परत येऊन एवढंच विचारलं, "ट्रेलरच्या चेन कुठं आहेत?"

दादानं माझ्याकडे बघितलं, मी मागच्या सीटवरच्या वहिनीकडे बघितलं, आणि वहिनी खिडकीबाहेर बघू लागली. पिकअपसाठी, बर्फात चाकांवर चढवायच्या चेनचा एक जोड होता, अजून खोक्यातून न काढलेला. ट्रेलरलाही चेन लागते हे आमच्यापैकी कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

दादा म्हणजे माझा मामेभाऊ. मूळचा निफाडकडचा, गेली चोवीस वर्षं कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला. मी त्याच्यापासून दोन तासांवर, सॅक्रामेंटोच्या पूर्वेला फॉल्सममध्ये राहतो. पन्नाशी उलटल्यावर माणसं जे काही अचानक करतात, त्यात दादानं भलामोठा पिकअप घेतला आणि त्यामागे जोडायला बावीस फुटी ट्रेलर. आत पलंग, शेगडी, एवढंसं न्हाणीघर. नऊ वर्षांच्या लेकीला ट्रकीच्या पलीकडे बर्फात मुक्कामाला न्यायचं होतं. ज्यानं पिकअप विकला त्यानं सांगितलं होतं, "फोर-बाय-फोर आहे, कुठंही जाईल." जाईल हे खरंच होतं. पण आम्हाला जाऊ देत नव्हते.

इंटरस्टेट ८० या महामार्गावर हिवाळ्यात चेनच्या नियमांचे तीन दर्जे लागू होतात. आर-१, आर-२ आणि आर-३. शेवटच्यात कोणालाही सूट नाही, चेन लावाच. पण ती वेळ सहसा येत नाही, त्याआधी रस्ताच बंद करतात. आर-२ मध्ये चारही चाकांना ताकद जाणाऱ्या आणि चारही टायर बर्फाचे असलेल्या गाडीला चेन नुसती सोबत बाळगली तरी चालते. या एका ओळीवर दादाची सारी भिस्त होती. त्याच नियमांत खाली लिहिलेलं त्यानं वाचलं नव्हतं: मागे ट्रेलर असेल तर गाडीच्या एका चालत्या आसाला चेन हवीच, आणि ट्रेलरला ब्रेक असतील तर ट्रेलरच्याही एका आसाला हवी.

शेजारी कडेला चेन लावून देणारी माणसं उभी होती, छातीवर मोठे नंबर लावून. हे सरकारी नोकर नव्हेत. हिवाळ्यात परवाना काढून पैसे घेऊन चेन बसवून देणारे लोक. दादा उतरून त्यांच्यातल्या एकाकडे गेला. "ट्रेलरच्या मापाची जोडी द्या, हवे तेवढे पैसे घ्या." त्यानं मान हलवली. लावून देण्याचा परवाना आहे, विकायचा किंवा भाड्यानं द्यायचा नाही.

मग परत फिरा. हे म्हणायला सोपं. पाच टनांचा तो बारा-तेरा मीटरचा डोलारा, दोन्ही बाजूंना कमरेएवढ्या बर्फाच्या भिंती, मागे गाड्यांची रांग. नारिंगी जाकीटवाल्यानं हातातल्या पाटीनं वाहतूक थांबवली आणि आम्हाला पुढच्या उतारानं बाहेर काढलं. पुलाखालच्या अरुंद जागेत ट्रेलर उलटा घेता घेता दादानं त्या फेब्रुवारीच्या थंडीत शर्ट घामानं भिजवला. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रेलर डावीकडे जातो, आणि डोकं ते ऐकत नाही. अकराव्या खेपेला जमलं. परतीच्या वाटेवर कोणी बोललं नाही. पोळ्या आणि झुणका आम्ही फॉल्समला माझ्या घरी बसून खाल्ला.

त्या दिवशी कळलं ते इतकंच: मागे ट्रेलर लावला की माणसाच्या हातून दोन गोष्टी जातात. हवं तिथं थांबणं आणि हवं तिथून परत फिरणं. बर्फ नसला तर हे जाणवत नाही.

*

सिएरा नेवाडा पर्वतातला हा घाट समजायला मराठी माणसाला फार वेळ लागू नये. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर रिते होतात. महाबळेश्वर बुडतं आणि पलीकडे काही कोसांवर माणदेश आभाळाकडे बघत बसतो. सिएरा नेवाडाचं गणित तेच, फक्त उंची दुप्पट आणि ऋतू हिवाळ्याचा. पॅसिफिकवरून आलेली दमट हवा पश्चिम उतारावर चढते आणि पावसाऐवजी बर्फ टाकते. पलीकडचं रीनो कोरडं, वाळवंटी.

सॅक्रामेंटो समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटरवर. तिथून महामार्ग ऑबर्न, कोलफॅक्स करत चढत जातो आणि डॉनर शिखरापाशी ७,२३९ फुटांवर पोचतो. दीड तासाची वाट. खाली संत्र्याच्या झाडांना फळं लागलेली आणि वर रस्ता गायब, असं एकाच सकाळी दिसतं. घातक आहे ती हीच गोष्ट. मिनेसोटातल्या माणसाच्या दारात चार-पाच महिने बर्फ असतो, त्याचा पाय ब्रेकवर आपोआप हलका पडतो. आम्ही खोऱ्यातली माणसं कोरड्या रस्त्याची सवय घेऊन तासाभरात बर्फात शिरतो.

शिखराजवळ सोडा स्प्रिंग्स इथं बर्फ मोजणारी एक प्रयोगशाळा आहे, १९४६ पासूनची, बर्कलीच्या विद्यापीठाची. २०२२-२३ च्या हिवाळ्यात तिथं ७५४ इंच बर्फ पडला. म्हणजे एकोणीस मीटर, सहामजली इमारत. तिच्या नोंदींत याहून वरचा आकडा एकच, १९५१-५२ चा ८१२ इंच. त्याच हिवाळ्यात, जानेवारी १९५२ मध्ये, 'सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को' नावाची आगगाडी याच डोंगरात बर्फात रुतली. २२६ माणसं तीन दिवस अडकून पडली. शेवटी शेजारचा मोटाररस्ता मोकळा केला, तेव्हा ती माणसं बाहेर आली.

आणि हा बर्फही साधा नव्हे. इकडचे लोक त्याला 'सिएरा सिमेंट' म्हणतात. आत रॉकी पर्वताकडे पडतो तो कोरडा, पिठासारखा, फुंकरीनं उडणारा. इथला समुद्राजवळचा, पाणी धरलेला, जड. दिवसा चाकाखाली चिखल होतो आणि रात्री त्याच चाकोऱ्या काचेसारख्या गोठतात. शून्याच्या आसपासचा बर्फ सर्वांत निसरडा, कारण त्यावर पाण्याचा पातळ थर असतो. उणे वीस अंशांतला बर्फ त्या मानानं खरखरीत. म्हणजे थंडी जितकी कमी तितकी भीती जास्त, हे उलटं व्याकरण आधी शिकायचं.

*

माझ्या शेजारी एक निवृत्त ट्रकचालक राहतो. तीस वर्षं याच घाटातून अठरा चाकी घेऊन गेला आणि आला. आमची फजिती त्यानं कुंपणापलीकडून ऐकली आणि हसला नाही, यावरूनच माणूस जाणकार असल्याचं कळलं. म्हणाला, "पुढच्या शनिवारी ट्रेलर घेऊन ये म्हणावं भावाला. मोकळं पार्किंग बघू."

शाळेला सुट्टी होती, मैदानाएवढं पार्किंग रिकामं होतं. पहिला तासभर त्यानं गाडी सुरूच करू दिली नाही. ट्रेलरचं दार उघडून आतलं सामान बघत बसला. पाण्याची टाकी मागे, दादानं हौसेनं घेतलेली लाकडं मागे, वहिनीची भांड्यांची पेटीही मागे. त्यानं हिचजवळ, म्हणजे गाडी आणि ट्रेलरच्या सांध्याजवळ, जाऊन ट्रेलरची दांडी जॅकनं वर-खाली केली आणि विचारलं, "ही किती वजन देतेय गाडीवर?"

त्यानं इंग्रजीत समजावलं ते मला पटकन मराठीत ऐकू आलं. आजोबांच्या बैलगाडीत उसाच्या मोळ्या मागे जास्त झाल्या की गाडी उलाळ व्हायची. दांडी आभाळाकडे, जू बैलांच्या मानेवरून वर, गळ्यातली पट्टी आवळलेली. फार पुढे भरलं तर सगळा भार मानेवर येऊन बैल गुडघे टेकायचे. आजोबा मोळ्या चढवताना दर दोन थरांनी दांडी हातानं उचलून बघत. दादाला मी एवढंच म्हटलं, "गाडी उलाळ झालीय." तो निफाडचा. त्याला पुढचं सांगावं लागलं नाही.

इथं त्याचा आकडा ठरलेला आहे. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हिचवर यावा. आमचा भरलेला ट्रेलर २,४०० किलोचा, म्हणजे २४० ते ३६० किलो. त्याहून कमी असला तर ट्रेलर वेगात शेपूट हलवू लागतो, आधी हळू, मग गाडीलाच हलवतो. जास्त असला तर पिकअपचं ढुंगण दबतं, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच जाऊ पाहते. कोरड्या रस्त्यावर दोन्ही चुका पचून जातात. बर्फ पचू देत नाही.

पिकअपची आणखी एक खोड त्यानं सांगितली. इंजिन पुढे, मागचा हौदा रिकामा. ताकद मात्र मुळात मागच्या चाकांना, म्हणजे जिथं वजन कमी तिथं. म्हणून ट्रेलर नसताना बर्फाळ भागातले लोक हौद्यात मागच्या आसाच्या बरोबर वर वाळूची पोती टाकतात. अडकलं तर तीच वाळू चाकाखाली टाकायला होते.

मग फोर-बाय-फोरचा विषय निघाला आणि म्हाताऱ्यानं खडूनं डांबरावर हिशोब मांडला. गाडी अडीच टन, ट्रेलर अडीच टन, चढ सहा टक्के. पाच टन वर ओढायला तीनशे किलोचा जोर लागतो, चाकांचा विरोध वेगळाच. दाबलेल्या बर्फावर चाकाला पकड मिळते ती त्याच्यावरच्या वजनाच्या एक पंचमांश. नुसत्या मागच्या चाकांवर, हिचचा भार धरून, चौदाशे किलो असले तर पकड २८० किलोची. म्हणजे चाकं जागीच फिरणार. चारही चाकं ओढू लागली की पकड साडेपाचशेच्या घरात जाते आणि गाडी चढते. "इथपर्यंत विकणारा खरं बोलतो," तो म्हणाला. "आता उतारावर ये."

उतारावर फोर-बाय-फोरचा उपयोग काय? ब्रेक तर प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना असतातच. ताशी पन्नास किलोमीटरला गाडी कोरड्या डांबरावर साधारण १४ मीटरांत थांबते. दाबलेल्या बर्फावर पन्नास मीटर लागतात, काचेसारख्या बर्फावर शंभर. माणसाला भान यायला लागणारा सेकंद-दीड सेकंद यात धरलेला नाही. चढताना गाडी सराईतासारखी चढली म्हणून चालकाला वाटतं, रस्ता बरा आहे. चारही चाकांनी मिळून त्याच्यापासून रस्त्याची अवस्था लपवलेली असते. पहिला ब्रेक मारेपर्यंत त्याला ते कळत नाही.

पिकअपच्या जाहिराती आठवून बघा. धुळीचा लोट, वळसे घेणारा डोंगर, मागे जहाजाएवढी होडी, आणि मोठ्या अक्षरांत ओढण्याचा आकडा. फोर्डची एफ मालिका १९७७ पासून अमेरिकेत सर्वाधिक खपणारा पिकअप आहे. तिचं साधं मॉडेलही योग्य साहित्यासह सहा टनांच्या आसपास ओढतं असं कंपनी सांगते. थांबवण्याचा आकडा मात्र कुठल्याच जाहिरातीत मोठ्या अक्षरांत नसतो.

*

दुपारी ब्रेक. ट्रेलरला स्वतःचे विजेवर चालणारे ब्रेक असतात आणि त्यांचा जोर ठरवणारी छोटी पेटी चालकाच्या गुडघ्याशी असते. दादानं ती विकत घेतली त्या दिवशी जो आकडा होता तोच ठेवला होता. कोरड्या रस्त्यावर तो बरोबर होता. बर्फावर त्याच जोरानं ट्रेलरची चाकं जागच्या जागी आवळली असती. आवळलेलं चाक घसरतं, आणि घसरणाऱ्या चाकाला सरळ आणि आडवं यातला फरक कळत नाही. म्हणून बर्फात जोर उतरवायचा, रिकाम्या रस्त्यावर हळू वेगात एकदा दाबून बघायचा, चाक आवळायच्या जरा अलीकडे ठेवायचा.

याच्या उलट चूकही तितकीच वाईट. ट्रेलर ब्रेकच लावत नसेल तर उतारावर तो गाडीला मागून ढकलतो. गाडीची मागची चाकं सुटली की मधला सांधा दुमडतो आणि चाकूचं पातं मिटावं तशी गाडी-ट्रेलरची घडी पडते. इंजिनानं गाडी आवरण्याची सवय चांगली, पण निसरड्या उतारावर एकदम खालचा गिअर टाकला तर तो झटका फक्त चालत्या चाकांना बसतो आणि तीच सुटतात. क्रूझ कंट्रोल तर बर्फात बंदच. पाय पेडलवर हवा, कारण चाक सुटल्याची पहिली बातमी पायाला आणि बुडाला कळते, डोळ्यांना नंतर.

"ट्रेलर शेपूट हलवायला लागला तर?" दादानं विचारलं.

"तुझा पाय काय करेल?"

"ब्रेक मारेल."

"म्हणून तू मरशील," म्हातारा शांतपणे म्हणाला. गाडीचा ब्रेक दाबला की पुढचं थांबतं आणि मागचं येऊन आदळतं. अशा वेळी स्टिअरिंग सरळ धरायचं, ॲक्सिलरेटर हळूच सोडायचा आणि पेटीवरच्या खटक्यानं फक्त ट्रेलरचे ब्रेक हातानं लावायचे. म्हणजे रस्सीखेचीसारखा ट्रेलर मागे ओढतो आणि मधली दोरी जणू पुन्हा ताठ होते. दादानं तो खटका न बघता सापडेपर्यंत तीस-चाळीस वेळा हात नेला. अंधारात लाइटचं बटण चाचपावं तसा.

उलटं घेण्याचा धडा एका वाक्यात संपला. हात स्टिअरिंगच्या वर नको, तळाशी धर. आता हात डावीकडे नेला की ट्रेलरही डावीकडे जातो. डोक्याशी भांडायची गरज उरत नाही. चोवीस वर्षं चिपचे आराखडे करणाऱ्या माझ्या भावाच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो मी त्याच्या बढतीच्या वेळीही पाहिला नव्हता.

निघताना त्यानं दांडीखालच्या दोन साखळ्या दाखवल्या. या चाकाच्या नव्हेत, हिचच्या. कपलर बॉलवरून निसटलाच तर ट्रेलर गाडीला धरून राहावा म्हणून. त्या समांतर लावायच्या नाहीत, एकमेकींवरून तिरप्या घ्यायच्या. मग खाली पडणारी दांडी पाळण्यात पडावी तशी त्यांच्यात पडते, जमिनीत रुतत नाही. शेजारी एक बारीक तार, तीही गाडीला अडकवलेली. सगळंच तुटलं तर ती तार एक खिट्टी उपसते आणि ट्रेलर स्वतःच्या बॅटरीवर स्वतःचे ब्रेक आवळतो. मालक सोडून गेला तरी जागेवर बसून राहायचं, एवढी शिकवण त्या तारेत आहे.

*

पुढच्या हिवाळ्यात आम्ही गेलो. या वेळी टायर बर्फाचे. बाजूला तीन शिखरं आणि आत हिमकण असं चिन्ह असलेले. साधं रबर सात अंशांच्या खाली कडक होत जातं, या टायरचं मऊ राहतं. त्याच्या नक्षीतल्या बारीक चिरा बर्फ धरून ठेवतात, कारण बर्फाला सर्वांत घट्ट पकडतो तो बर्फच. चेन चार: दोन पिकअपच्या, दोन ट्रेलरच्या. डिझेल खोऱ्यात पूर्ण भरलं नाही. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधलं मेण गोठून गाळणी बंद करतं, म्हणून डोंगरातलं, हिवाळ्यासाठी बनवलेलं डिझेल वर जाऊन भरलं.

चेन लावायची जागा आली. दादानं जुनी चटई पसरली, लोकरी हातमोज्यांवर भांडी घासायचे रबरी मोजे चढवले. ही युक्ती वहिनीची. चेन जमिनीवर पसरायची, पीळ काढायचा, आकड्यांची टोकं टायरच्या उलट बाजूला म्हणजे बाहेर बघतील अशी. उलटी लागली तर तेच आकडे टायर कापतात. मग शालीसारखी चाकावर टाकायची, गाडी हातभर पुढे घ्यायची, आधी आतला आकडा चाचपून अडकवायचा, मग बाहेरचा. आतला आकडा दिसत नाही. आडवं पडून गाल टायरला लावून बोटांनी शोधावा लागतो, आणि चाकाच्या कमानीतून वितळलेलं काळं पाणी बरोबर मानेत पडतं. अर्धा किलोमीटर जाऊन पुन्हा उतरायचं आणि पुन्हा आवळायचं, कारण पहिल्यांदा घट्ट वाटलेली चेन चालल्यावर सैल होते. चार चाकांना पाऊण तास लागला. घरी कोरड्यात सराव केला होता तेव्हा वीस मिनिटं लागली होती.

नारिंगी जाकीटवाला आला. ट्रेलरच्या शेपटापर्यंत चालत गेला. परत येऊन हात हलवला: जा.

चेन असली की ताशी तीस मैलांच्या वर जायचं नाही. आत बसलेल्याला जात्यावर बसल्यासारखं वाटतं, सारं अंग घरघरतं. वेगाची चटक लागलेल्या या देशात सगळी वाहतूक, श्रीमंत आणि गरीब, एका चालीनं चाललेली होती. शिखर ओलांडलं आणि ट्रकीकडचा उतार सुरू झाला. पंधराएक किलोमीटरांत चौदाशे फूट. दादा गप्प. उतार यायच्या आधीच त्यानं खालचा गिअर टाकलेला. पुढच्या गाडीशी एवढं अंतर ठेवलेलं की मधे दोनदा कोणी ना कोणी घुसलं, आणि दोन्ही वेळा त्यानं शिव्या न देता अंतर पुन्हा वाढवलं. पूल आला की तो श्वास धरायचा. पुलाला खालूनही वारा लागतो, त्यामुळे जमिनीवरचा रस्ता ओला असतानाच पुलावर काच तयार असते. एका पुलावर ट्रेलर बोटभर बाजूला सरकला. दादाचा हात खटक्यावर गेला, पण दाबावा लागला नाही. ट्रेलर आपणहून ओळीत आला.

मागून वहिनीचा आवाज आला, "झालं का?" दादा म्हणाला, "कशाचं काय?" खाली पोचल्यावर त्यानं दहा मिनिटं स्टिअरिंग सोडलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी आम्ही डॉनर सरोवराकाठी गेलो. तिथं १९१८ मध्ये उभारलेलं एक स्मारक आहे. वर एक कुटुंब, खाली बावीस फूट उंचीचा दगडी चौथरा. त्या चौथऱ्याची उंची म्हणजे १८४६-४७ च्या हिवाळ्यात इथं साचलेल्या बर्फाची उंची. पुतणी मान वर करून बघत राहिली.

या घाटात चाकांवरचं ओझं ओढण्याचा इतिहास मोटारींच्या फार आधीचा आहे. १८४४ मध्ये स्टीव्हन्स-टाउनसेंड-मर्फी या नावानं ओळखला जाणारा तांडा इथं पोचला. बैलगाड्या घेऊन सिएरा ओलांडणारे हे पहिले. वाटेत दहा फुटांचा उभा कडा. एक चीर सापडली, तिच्यातून बैल एकेक करून वर नेले, वर पुन्हा जुंपले, खालच्या गाड्यांना साखळ्या बांधल्या आणि वरून ओढून घेतल्या. पाच गाड्या वर गेल्या. सहा सरोवरापाशी सोडून दिल्या. त्यांच्या राखणीला मोझेस शॅलनबर्गर नावाचा पोरसवदा मुलगा मागे राहिला आणि कोल्हे पकडून खात हिवाळ्याचा बराच काळ एकटाच जगला. एकूण अकरापैकी सहा गाड्या त्यांनी सोडल्या, हे मला कडा चढण्याहून मोठं वाटतं.

दोन वर्षांनी आलेल्या डॉनर-रीड तांड्याला वेळेवर घाट ओलांडणं जमलं नाही. वाटेत त्यांनी लॅन्सफर्ड हेस्टिंग्ज नावाच्या माणसानं पुस्तकात छापलेला जवळचा रस्ता धरला होता. पुस्तक लिहिताना हेस्टिंग्जनं स्वतः त्या वाटेनं गाडी नेलेली नव्हती. डोंगर तोडण्यात आणि मिठाच्या वाळवंटात आठवडे गेले, बैल गेले, आणि सिएराच्या पायथ्याशी पोचेपर्यंत ऑक्टोबर संपला. मागे राहिलेल्या जॉर्ज डॉनरच्या गाडीचा आस मोडला. नवा आस तासताना हत्यार हातावर बसलं. ती जखम चिघळली आणि तो डोंगरातून बाहेर आला नाही. ८७ जणांपैकी ४८ वाचले. वाचलेल्यांपैकी काहींनी जगायला मेलेल्या सोबत्यांचं मांस खाल्लं, आणि लोक तेवढंच लक्षात ठेवतात. मला त्या मोडलेल्या आसाशी थांबावंसं वाटतं. काही मैल मागे पडण्याची ती गोष्ट आहे.

हेस्टिंग्ज अजून मेलेला नाही. महामार्ग बंद झाला की खिशातला फोन डोंगरातली एखादी कच्ची वाट दाखवतो: इथून जा, वीस मिनिटं वाचतील. ती वाट हिवाळ्यात कोणी साफ करत नाही, हे फोनला ठाऊक नसतं. दर हिवाळ्यात रस्ते विभाग ओरडून सांगतो आणि दर हिवाळ्यात कोणीतरी जातं. अशा ठिकाणी अडकलेल्या गाडीत थंडीइतकाच धूर मारतो. बर्फानं सायलेंसरचं तोंड बुजलं आणि इंजिन चालू असलं की विषारी वायू आत भरतो, ना वास, ना रंग. म्हणून म्हाताऱ्यानं आमच्या सामानात फावडं सर्वांत वर ठेवायला लावलं होतं. आधी धुराड्याची वाट मोकळी करायची, मग तासाला दहा मिनिटंच इंजिन, खिडकी बोटभर उघडी.

*

गेल्या हिवाळ्यात पुन्हा बेत ठरला. चारही चेन, टायर, फावडं, कोरडं खाणं, सगळं जागेवर. ट्रेलर भरताना दादा दर दोन पेट्यांनी दांडीचा भार बघत होता. कोलफॅक्सपर्यंत रस्ता ओला आणि आभाळ शिशाच्या रंगाचं. वर आर-२ लागू होता. आम्हाला जायला परवानगी होती.

कोलफॅक्सच्या अलीकडे दादानं उजवा सिग्नल दिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"वारा बघ," तो म्हणाला. झाडांचे शेंडे एकाच बाजूला वाकलेले होते. "चढू आपण. उद्या उतरायला नाही मिळणार."

पुतणी मागून म्हणाली, "पण या वेळी सगळ्या चेन आहेत ना, बाबा?"

"आहेत की."

त्यानं गाडी एका मोठ्या पार्किंगमध्ये घेतली. ती जागा त्यानं आदल्या रात्रीच नकाशावर हेरून ठेवली होती, हे मला नंतर कळलं. चढावर अशा आणखी दोन जागा त्यानं पेन्सिलीनं गोल करून ठेवल्या होत्या. कोपऱ्याला मळकट बर्फाचा एक ढीग होता, नांगरानं लोटलेला. पुतणी उतरून त्यावर चढली आणि वहिनीनं डबा उघडला.

अर्ध्या तासानं आम्ही निघालो. दादानं स्टिअरिंग हलक्या हातानं वळवलं, ट्रेलर त्याच्यामागून एका सलग गोलात फिरला आणि खोऱ्याकडे तोंड करून उभा राहिला. एकदाही उलटा घ्यावा लागला नाही.